भोयर भाऊंचं चिनी कुत्रं

कुणी आपल्या कुत्र्याचं कौतुक सांगायला बसलं, की मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. आमचे हे म्हणतात, बरं दिसत नाही ते. न दिसू दे. जन्मभर मी कुत्र्यांना घाबरत आले, हाड हाड करत आले, आणि उतारवयात एका कुत्र्याशी कशीबशी ओळख झाली तर त्याचं असं झालं. आता मला ते कौतुक ऐकवत नाही. ऐकायला बसलेच तर कुत्रं राहतं बाजूला आणि भोयर भाऊच डोळ्यांपुढं येतात.

ऊर्जानगरात त्यांचं क्वार्टर आमच्या अगदी समोर होतं. आमचे हे आणि ते, दोघंही थर्मलमध्ये, म्हणजे चंद्रपूरच्या वीजकेंद्रात. हे ऑफिसात, भोयर भाऊ कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर. तिथं इतका आवाज असतो की माणसं हातांनीच बोलतात. एक बोट वर म्हणजे पट्टा सुरू कर, पंजा आडवा म्हणजे थांब. भोयर भाऊंनी ती बोली घरी आणली आणि तोंडाची बोली तिकडंच ठेवून आले, असं त्यांची बायको म्हणायची. दोन बोटं दाखवली की चहा. ताटावर पंजा धरला की पुरे. ती बिचारी दोघांच्या वाट्याचं एकटीच बोलायची. ती गेली, आणि त्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येईना.

एकदा उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरांच्या लाइनीला पाणी येईना. सगळी मंडळी तक्रार करायला निघाली. भोयर भाऊ दारातच उभे. म्हटलं, "भाऊ, चला ना."

"बोलून काय होते, वैनी?" म्हणाले, आणि बादली घेऊन पार टाकीपर्यंत चालत गेले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. बढत्या दुसऱ्यांना मिळाल्या, हे पट्ट्यांवरच राहिले. मला चीड यायची. माणसानं इतकं गप्प का राहावं?

मुलगा प्रशांत पुण्याला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचा फोन रविवारी सकाळी यायचा. मी अंगणात तुळशीला पाणी घालत असायची, त्यामुळं सगळं ऐकू यायचं. सगळं म्हणजे किती? "हो. बरं. हो. ठेवतो." फोन ठेवल्यावर मात्र भाऊ बराच वेळ तो हातातच घेऊन बसायचे. मुलाशी बोलायचं नव्हतं असं नाही. कसं बोलायचं ते येत नव्हतं.

त्या दिवाळीत प्रशांत गाडी घेऊन आला आणि मागच्या सीटवरून ते ध्यान उतरलं. काळं कुळकुळीत. मानेभोवती ही एवढी आयाळ, चपटं तोंड, केसांत खोल बुडालेले डोळे. मागचे पाय असे ताठ, की चालताना गुडघेच नाहीत असं वाटावं. लग्नानंतर हौसेनं घेतलं होतं. आता घरात बाळ येणार, सोसायटीत कटकट, बायकोला झेपेना. "चार दिवस ठेवा बाबा," म्हणाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय. ते चार दिवस काही संपले नाहीत.

प्रशांत गेला त्याच दुपारी मी फराळाचं ताट घेऊन गेले. कुत्रं ओट्यावर पडलं होतं. त्यानं जांभई दिली आणि माझ्या हातातलं ताट पडता पडता राहिलं. जीभ निळी-काळी. टाळूसुद्धा तशीच. आमच्याकडं जीभ निळी पडली की माणूस एकच समजतो.

"भाऊ, याले पान लागलं," मी ओरडले. साप चावला असं आम्ही म्हणत नाही, पान लागलं म्हणतो.

भोयर भाऊ पांढरेफटक पडले. शेजारच्या दोघी धावत आल्या. एकीनं कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणला. पाला कडू लागला नाही तर विष चढलं, असं आमचं जुनं गणित. भाऊंनी कुत्र्याचा जबडा धरला आणि मी त्यात पाला कोंबला. त्यानं तो थुंकला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी दोन पावलं मागं सरले. तरीही भाऊ त्याला रिक्षात घालून चंद्रपूरला जनावरांच्या डॉक्टरकडं गेलेच. संध्याकाळी परतले आणि माझ्या फाटकापाशी उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा, एका दमात इतकं बोलले:

"त्याची जीभ तशीच राह्यते, वैनी. जातच तशी हाये. चाऊ चाऊ म्हनते. चीनमदली लय जुनी जात, देवळं राखे, वाडे राखे. एकाच मानसाले मानते. बाजूचं दिसत नाई त्याले, तं समोरून यायचं म्हने. अन् ऊन सोसत नाई."

"मंग इथी कसं निभन त्याचं?" मी विचारलं.

"पाहू," म्हणाले. ते दुसरं ठरलेलं वाक्य.

प्रशांतनं त्याचं नाव टेडी ठेवलं होतं. भाऊंनी ते नाव फक्त फोनवर वापरलं. एरवी "चाल बा," "बस बा," मित्राशी बोलावं तसं. सुरुवातीला कुत्रं संध्याकाळी भुंकायचं, बहुतेक पुण्याच्या आठवणीनं. मागच्या लाइनीतल्या एका साहेबांनी तक्रार केली. भाऊ त्यांना एक शब्द बोलले नाहीत. कुत्र्यासमोर उकिडवे बसायचे, डोळ्यांत डोळे घालायचे आणि उघडा पंजा हवेत हळूच खाली दाबायचे. चूप. तसंही ती जात फारशी भुंकणारी नाही. दिवाळी सरून संक्रांत आली तोवर त्या कुत्र्याचा आवाज कुणी ऐकलेला आठवत नव्हता. पंजा खाली गेला की ते जिथं असेल तिथं गप्प उभं राहायचं. भाऊंना त्याचा फार अभिमान होता.

"भुंकते ते भितरे," असं म्हणायचे.

ते खरं करून दाखवायची वेळही आली. आमच्या कॉलनीत बिबट्या येणं काही नवलाचं नाही, कुत्री उचलून नेतो. एका संध्याकाळी नाल्याकडच्या भिंतीवर तो येऊन बसला. रस्त्यावरची कुत्री कोकलत पळाली, बायकांनी पोरांना आत ओढलं. हे काळं ध्यान भाऊंच्या पुढं पाय रोवून उभं राहिलं. ना गुरगुर, ना भुंकणं. नुसतं पाहत राहिलं. भाऊही तसेच मागं उभे. काही वेळानं बिबट्याच भिंतीपलीकडं उतरला. मी खिडकीच्या जाळीतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या लाइनीनं विचारलं, काय झालं भाऊ. भाऊंनी एवढंच सांगितलं, "काई नाई. उभे राह्यलो दोघं."

रोज सकाळी ते त्याला विंचरायचे. आमच्याकडं दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा थर बसतो, तसा त्याच्या केसांत बसायचा. फणी काढली की करडी पूड खाली पडायची. काळं कुत्रं राखाडी होऊ नये म्हणून या माणसानं केलेले कष्ट मी पाहिलेत. आणि उन्हाळ्यात? कूलर कुत्र्याच्या खोलीत, भाऊ बाहेर ओट्यावर उकडत. दुपारभर ओली पोती बदलत राहायचे. नाकापेक्षा मोती जड, असं लोक म्हणायचे. मीही म्हटलं. म्हटलं, "भाऊ, हे थंड मुलखातलं जनावर. देऊन टाका एखाद्या थंड गावच्या मानसाले. जीव जाईन त्याचा इथी."

त्यांनी पोतं पिळलं, त्याच्या पाठीवर टाकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "प्रशांत विचारते ना त्याले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कुत्रं आल्यापासून रविवारचा फोन लांबला होता. प्रशांतचा पहिला प्रश्न असायचा, टेडी कसा आहे? आणि हा मुका माणूस बोलायला लागायचा. "जेवला. हो, सगळं खाल्लं. इंचरलं त्याले. काल बिबट्या आलता तं हलला नाई जागचा. तुयी आठवन काढते तो." कुत्र्याचं सांगता सांगता स्वतःचंही चुकून एखादं सांगून जायचे, गुडघा दुखते म्हणून. ते कुत्रं गेलं असतं तर फोन पुन्हा हो-बरं-ठेवतो वर आला असता. बापलेकांत बोलायला तेवढंच एक उरलं होतं. मग मी द्या म्हणणं सोडलं आणि आमच्या फ्रिजमधला बर्फ पाठवायला लागले.

माझी त्याची ओळख अशी झाली. समोरून जायचं, हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. पहिला पावसाळाभर त्यानं मला मोजलंच नाही. मग एक दिवस उठलं, माझ्या पायांपाशी आलं आणि माझ्याकडं पाठ करून बसलं. मला वाटलं अपमान केला. भाऊ हसले. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलंय.

"पाठ दिली तुमाले," म्हणाले. "म्हंजे आता तुमचं भेव नाई त्याले."

आणि मग भाऊ रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात हार घातले, माइक हातात दिला. सगळे वाट पाहत राहिले. भाऊंनी माइककडं पाहिलं, समोर पाहिलं, "बसतो," म्हणाले आणि बसले. लोक हसले. मला रडू आलं.

क्वार्टर सोडायचं होतं. प्रशांत फोनवर म्हणाला, आमचा फ्लॅट लहान आहे बाबा, आणि गावी मोकळी हवा आहे, टेडीलाही बरं पडेल. टेडीलाही! कुरखेड्याच्या पुढं, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. तिथं धाकटा भाऊ महादेव आणि त्याची बायको शेवंता राहायची. मी सांगून पाहिलं, तिथं अस्वलं येतात म्हणता ना? "येतेत," म्हणाले. "राखन करन हा." टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी ओलं पोतं अंथरून त्याला बसवलं. मी समोर जाऊन उभी राहिले, त्याला दिसावं म्हणून. भाऊंनी एक बोट वर केलं. पट्टा सुरू.

त्यानंतर अधूनमधून आमच्या ह्यांच्याशी फोन व्हायचा. कुत्रं कसं आहे विचारलं की उत्तर एकच, बरा हाये. वर्ष उलटून गेलं. पुढच्या चैत्रात माझ्या भाचीच्या घरी वास्तुशांत होती, कुरखेड्याला. म्हटलं इतकं आलोय तर भेटून यावं. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. पिशवीत त्याची आवडती बिस्किटं आणि एक नवी फणी.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. शेवंताबाईनं पाणी दिलं. तिच्या कपाळापासून केसांत गेलेला एक जाड व्रण होता, त्या बाजूचा कानही अर्धाच. भाऊ घरी नव्हते. मी फणी काढली आणि विचारलं, "कुठी हाये तो?"

ती फणीकडं पाहतच राहिली. "तुमाले नाई सांगतलं काय त्याईनं?" म्हणाली, आणि खाली बसली.

त्या गावची एक रीत आहे. मोहाची फुलं उजाडायच्या आधी गळतात आणि माणसांइतकीच ती अस्वलांनाही प्रिय. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झुडुपात काही हललं की हाक द्यायची: कोन हाये? माणूस असला तर ओ देतो. कुत्रं असलं तर भुंकतं. ज्याच्याकडून काहीच येत नाही ते अस्वल. शेवंताबाईवर काही वर्षांपूर्वी अस्वलानं झडप घातली होती ती अशाच पहाटे. ती आधी हाक द्यायला विसरली होती.

"मागच्या साली, मोहाच्या दिवसाईत," थोरल्या दिराला भासरे म्हणत ती सांगत होती, "भासऱ्याईनं त्याले घरात बांदून ठेवलं अन् ते आमच्यासंग आले. तिकडल्या झाडाखाली वेचून राह्यले होते. त्यानं दोरी तोडली असन. आपल्या मालकाच्या मांगं आलं बिचारं. झुडपात खसखस झाली. आमच्या मालकानं हाक देल्ली. कोन हाये? तं काईच नाई. दुसऱ्यांदा देल्ली. काळं, केसाळ, चूप उभं. मी किंचाळली, अस्वल. माया तं जीवच गेला, बाई."

"भाऊ कुठी होते?"

"तेच तं." तिनं पदर तोंडाशी धरला. "ते तिकडून वरडले. मारा, सोडू नोका, मारा. आमी कवाच त्याईचा असा आवाज नाई आयकला. मले अस्वलानं फाडलं तवा ते सुटीवर आलते, तेच गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेलते, तं त्याईच्या मनात तेच असन. अन् कुत्र्यानं त्याईचा आवाज आयकला, अन् आवाजाकडं पयालं. आमचे मालक मधातच होते, वाटेत. कुऱ्हाड होती हातात."

ते आपल्या मालकाकडं, भाऊंकडं पळालं होतं. लोकांना वाटलं अंगावर आलं. एकच आवाज जरी काढला असता, एकदा भुंकलं असतं, तर महादेवचा हात थांबला असता. पण त्याला चूप राहायला शिकवलं होतं, आणि ते शिकलं होतं. भाऊ कंदील घेऊन आले तेव्हा त्यांना त्याची जीभ दिसली, शेवंताबाई म्हणाली. तेव्हा समजलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय बोलायचं? महादेवनं बायकोला रक्तानं भिजलेली पाहिली होती. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. राग आला पुण्याचा, त्या मोकळ्या हवेचा. त्या जनावराला हजारो कोसांवरच्या देवळांची राखण करायला घडवलं, आणि माणसांनी हौसेपायी ते आमच्या मोहाच्या झाडाखाली आणून सोडलं.

"भाऊ महादेवले काई बोलले?"

"शबुद नाई. त्याच झाडाखाली गाडलं त्याले. तवापासून तिथंच बसते जाऊन. काळं घोंगडं पांघरून. लोकं हाक देते तं ओ देत नाई, बाई. आता कोनाची काठी उचलाची हिंमत होत नाई. अस्वल आलं तरी आदी वाटते, भाऊ असन." ती उठली. "चला, दाखवतो. मी भासऱ्याईले हाक नाई मारत, आमच्यात चालत नाई. तुमीच मारा. तुमचं आयकतीन."

ऊन वर आलं होतं. टेकाडावर ते मोठं मोहाचं झाड, खाली झाडून स्वच्छ केलेली जागा, आणि बुंध्याशी पाठमोरं काळं घोंगडं. फुलं पडली होती, वेचलेली नव्हती. मी हाक दिली, "भोयर भाऊ." घोंगडं हललं नाही. मी पुन्हा हाक दिली. काही नाही. शेवंताबाई मान फिरवून उभी राहिली.

मग फोन वाजला. मला एकदम आठवलं, आज रविवार. गावात रेंज येत नाही, या टेकाडावर येते. घोंगडं खाली पडलं, भाऊ लगबगीनं उठून उभे राहिले, आणि मला वर्षापूर्वीचा तोच आवाज ऐकू आला.

"हो, बोल बा. बरा हाये. हो, खाते सगळं. आत्ताच इंचरलं." मी शेवंताबाईकडं पाहिलं. "फोटो? फोनचा क्यामेराच बिगडला ना." थोडा वेळ ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि तो असा उजळला की मी तो विसरणार नाही. "इथी येता? कवा? पोराले घेऊन?" आणि तेवढ्यात तो चेहरा पुन्हा विझला, कारण पलीकडून पुढं काय आलं असेल ते मलाही कळलं. पोराला टेडी दाखवायचा होता.

"आत्ता नोको येऊ," भाऊ म्हणाले. "ऊन लय हाये, लेकराले सोसनार नाई. मंग पाहू. पावसाळ्यात पाहू."

मी पुढं झाले. तोंड उघडलं होतं मी. फोन हिसकावून त्या पोराला सांगणार होते, की ये, कुत्र्यासाठी नको, बापासाठी ये. माझी चाहूल लागून ते वळले. मला पाहिलं. एका हातानं फोन कानाशी तसाच धरून त्यांनी दुसरा पंजा माझ्यासमोर उघडला आणि हवेत हळूच खाली दाबला.

मी चूप राहिले.